रशियातून पळून आलेल्या घरातला पोरगा इंग्लंडची जर्सी घालून उतरला आणि ऑल ब्लॅक्सला पाणी पाजून गेला

तारीख ४ जानेवारी १९३६. ठिकाण लंडनचं ट्विकनहॅम मैदान. समोर न्यूझीलंडची रग्बी टीम, म्हणजे ज्यांच्या नुसत्या नावाने भल्याभल्यांना घाम फुटतो ते ऑल ब्लॅक्स. इंग्लंड त्यांच्याशी यापूर्वी दोनदा भिडलं होतं, १९०५ साली आणि १९२५ साली. दोन्ही वेळा हरलं होतं.

आता किस्सा असा सांगतात की मॅचच्या आधी इंग्लंडचे युवराज एडवर्ड खेळाडूंना भेटायला आले. रांगेत एक सोनेरी केसांचा, एकोणीस वर्षांचा पोरगा उभा होता. युवराजांनी त्याचं नाव ऐकलं, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तो नेमक्या कोणत्या हक्काने इंग्लंडकडून खेळतोय असं थेट विचारलं. पोराने आपण ऑक्सफर्डमध्ये शिकत असल्याचं सांगितलं. बास, एवढंच.

पुढच्या चाळीस मिनिटांत त्याने असं काही करून दाखवलं की स्टेडियममध्ये तो प्रश्न परत कुणाला पडला नसावा.

त्या पोराचं नाव अलेक्झांडर ओबोलेन्स्की. इंग्लंडच्या रग्बीत आजही त्याची ओळख उडणारा राजपुत्र अशीच आहे. पण युवराजांनी विचारलेला प्रश्न काही त्याच्यासोबत संपला नाही. खेळाडू नक्की कोणाचा? जिथे जन्मला त्या देशाचा, जिथे वाढला त्या देशाचा, की आईबाप जिथून आले त्या देशाचा? आज रग्बीत सगळ्यात जास्त भांडणं याच मुद्द्यावर होतात. म्हणून या पोराची गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे.

सुरुवात होते १९१६ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं. रशियाच्या राजधानीला तेव्हा पेट्रोग्राड म्हणायचे, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. तिथे १७ फेब्रुवारीला अलेक्झांडरचा जन्म झाला. वडील प्रिन्स सर्ज ओबोलेन्स्की हे झारच्या घोडदळात अधिकारी होते. इथे प्रिन्स म्हणजे गादीचा वारस असं समजायचं कारण नाही. रशियात अशी पदवी असलेली बरीच खानदानी घराणी होती. आपल्याकडच्या जुन्या सरदार घराण्यांसारखं समजा. पण ओबोलेन्स्की साधेसुधे नव्हते. रशियावर रोमानोव्ह घराणं यायच्या कित्येक शतकं आधी ज्या रुरिकच्या वंशाने राज्य केलं, त्या वंशाशी ते आपलं नातं सांगायचे.

पोरगं दीड-पावणेदोन वर्षांचं असेल नसेल, तोवर १९१७ ची क्रांती झाली. बोल्शेविकांनी सत्ता ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी झार आणि त्याच्या सगळ्या कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या. झारच्या सैन्यातला अधिकारी आणि वर नावामागे प्रिन्स, अशा माणसाचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. ओबोलेन्स्की कुटुंब मिळेल त्या वाटेने देशाबाहेर पडलं आणि शेवटी लंडनच्या उत्तरेकडच्या मसवेल हिल भागात येऊन स्थिरावलं.

पदवी सोबत आली, पण वाडे आणि जमिनी सगळं मागेच राहिलं.

त्यानंतर १९२१ साली सोव्हिएत सरकारने एक हुकूम काढला. क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्या आणि नव्या सरकारला न मानणाऱ्या लोकांचं नागरिकत्वच काढून घेतलं. लाखो रशियन एका फटक्यात कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. १९२४ मध्ये तर पेट्रोग्राडचं नावही बदलून लेनिनग्राड झालं. म्हणजे अलेक्झांडर शाळेत जाऊन घोकायला लागला, तोवर त्याच्या जन्मगावाचं नाव बदललं होतं आणि तो ज्या देशात जन्मला होता तो देश नकाशावरून गेला होता.

हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

इंग्लंडच्या डर्बीशर भागात ट्रेंट कॉलेज नावाची शाळा आहे. अलेक्झांडर तिथे शिकला आणि तिथेच रग्बीच्या नादाला लागला.

ज्यांनी रग्बी कधी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर बॉल लांबुळका असतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण. बॉल हातात घेऊन पळायचं, पण हाताने पुढे पास द्यायचा नाही, द्यायचा तर बाजूला नाहीतर मागे. समोरचे अंगावर येऊन पाडणार, ते चुकवत त्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे जायचं आणि बॉल जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात. आज ट्रायला ५ गुण मिळतात, त्या काळी ३ मिळायचे. मैदानाच्या दोन्ही कडांना जे खेळाडू असतात त्यांना विंगर म्हणतात. त्यांच्याकडे एक गोष्ट हवीच हवी, ती म्हणजे पळ.

आणि या पोराकडे पळ होता. शाळेत त्याने ट्रायचा पाऊस पाडला. तिथून तो ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेला आणि विद्यापीठाच्या टीममध्ये विंगर झाला. मॅचच्या आधी डझनभर कालवं खाऊन मैदानात उतरायचा असंही त्याच्याबद्दल सांगितलं जातं. खानदानी शौक म्हणा.

१९३५ च्या हिवाळ्यात न्यूझीलंडची टीम ब्रिटनच्या दौऱ्यावर आली. ऑक्सफर्ड विद्यापीठाशीही त्यांची मॅच झाली. ऑल ब्लॅक्स १०-९ असे फक्त एका गुणाने वाचले. कॉलेजच्या पोरांनी जगातल्या सगळ्यात तगड्या टीमला फेस आणला होता आणि त्यात हा रशियन विंगर सगळ्यांच्या नजरेत भरला.

इंग्लंडच्या निवड समितीने त्याला राष्ट्रीय टीममध्ये घेतलं आणि कुरबूर सुरू झाली.

कारण साधं होतं. तो इंग्लंडमध्ये जन्मला नव्हता आणि त्याचे आईबापही इंग्रज नव्हते. ब्रिटनचं नागरिकत्वसुद्धा त्याला १९३६ सालातच मिळालं, म्हणजे जर्सी आणि नागरिकत्व दोन्ही एकाच वर्षातलं. आज कुठल्या खेळाडूने कोणाकडून खेळायचं याचे लेखी आणि काटेकोर नियम आहेत. तेव्हा असं काही नव्हतं. निवड समितीला जो आपला वाटला तो आपला. युवराजांनी विचारलेला प्रश्न म्हणजे तेव्हा बऱ्याच जणांच्या मनातलाच प्रश्न होता.

तर परत येऊ ४ जानेवारीवर.

मॅच सुरू झाली. पहिल्या हाफमध्ये बॉल उजव्या कडेला ओबोलेन्स्कीच्या हातात आला आणि गडी सुटला. समोर अडवायला येणाऱ्याला त्याने बाहेरून गुंगारा दिला. न्यूझीलंडचा शेवटचा राखणदार माईक गिल्बर्टही मागे पडला. अर्ध्याहून जास्त मैदान पळत जाऊन त्याने ट्राय केला. ३-० झाले.

हाफटाइम व्हायच्या आधी दुसरा प्रसंग घडला, आणि तो जास्त गाजला. बॉल परत त्याच्याकडे आला. सगळ्यांना वाटलं हा पहिल्यासारखाच उजव्या कडेने पळणार, म्हणून ऑल ब्लॅक्सचे खेळाडू तिकडे सरकले. याने मध्येच दिशा बदलली आणि डावीकडे तिरका पळत सुटला. ज्यांनी उजवीकडे धाव घेतली होती त्यांचे पाय वळेपर्यंत हा पुढे गेलेला. उजव्या विंगचा खेळाडू अख्खं मैदान कापून डाव्या कोपऱ्यात पोहोचला आणि ट्राय केला. विंगरने स्वतःची कड सोडून असं दुसऱ्या टोकाला जाणं त्या काळात कुणी फारसं बघितलं नव्हतं.

या पळण्याची न्यूजरील आहे. कॅमेरा जुना, चित्र काळंपांढरं, पण एक आकृती बाकीच्यांमधून तिरकी सुटताना स्पष्ट दिसते.

दुसऱ्या हाफमध्ये पीटर क्रॅनमरने ड्रॉप गोल मारला, त्याचे तेव्हा ४ गुण मिळायचे. हॅल सेव्हरने तिसरा ट्राय केला. शेवटी स्कोअर झाला १३-०. न्यूझीलंडला भोपळाही फोडता आला नाही. इंग्लंडने ऑल ब्लॅक्सला हरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

ही जिंकण्याची किंमत किती होती हे कळायला पुढचा हिशोब बघा. इंग्लंडला न्यूझीलंडला परत हरवायला १९७३ साल उजाडावं लागलं. ट्विकनहॅमवर हरवायला तर १९८३. आणि १३ गुणांच्या फरकापेक्षा मोठा विजय मिळाला तो थेट २०१२ मध्ये. म्हणून त्या मॅचला आजही ओबोलेन्स्कीची मॅच म्हणतात.

आता एवढं झाल्यावर वाटेल की हा पोरगा पुढे दहा वर्षं इंग्लंडकडून खेळला असेल.

नाही. फक्त तीन मॅच.

वेल्सविरुद्धची मॅच ०-० अशी सुटली. आयर्लंडविरुद्ध इंग्लंड ६-३ ने हरलं. मार्चमध्ये स्कॉटलंडविरुद्ध ९-८ ने जिंकलं. या तिन्ही मॅचमध्ये ओबोलेन्स्कीला एकही ट्राय करता आला नाही. विंगरचं नशीब तसंही दुसऱ्यांच्या हातात असतं, मधल्यांनी बॉल दिला तर याने पळायचं. इंग्लंडकडून चार मॅच, दोन ट्राय, आणि ते दोन्ही एकाच दिवशी. अधिकृत खात्यावर एवढंच जमा आहे.

त्या शेवटच्या मॅचचा एक धागा भारताशी येऊन जुळतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या ट्रॉफीसाठी खेळतात तिचं नाव कलकत्ता कप. १८७०च्या दशकात कलकत्त्यात ब्रिटिशांनी रग्बीचा एक क्लब काढला होता. तो बंद पडला तेव्हा बँकेत उरलेले पैसे चांदीच्या रुपयांत काढले, ते वितळवले आणि त्याचा कप बनवला. कपाला तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती. म्हणजे रशियात जन्मलेला पोरगा इंग्लंडच्या जर्सीत शेवटची मॅच खेळला ती भारतीय रुपये वितळवून केलेल्या कपासाठी. कोण कुठला आणि काय कुणाचं, हा प्रश्न रग्बीत असा पहिल्यापासूनच आहे.

त्याच वर्षी ब्रिटनची एक टीम दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. ओबोलेन्स्की त्यात होता. ब्राझीलविरुद्धच्या मॅचमध्ये त्याने एकट्याने १७ ट्राय केले असं सांगितलं जातं. ब्राझील तेव्हा रग्बीत अगदीच कच्चं लिंबू होतं. बड्या टीमने लहान देशात जायचं, पोतंभर गुण घ्यायचे आणि परत यायचं, हा प्रकारही तेव्हापासूनचा.

१९३८ साली ऑक्सफर्डची पदवी मिळाली, तीही चौथ्या वर्गात. अभ्यासात त्याचा पळ जरा कमीच पडला. नंतर तो हवाई दलात वैमानिक म्हणून दाखल झाला.

इथे निष्ठेची खरी परीक्षा होती. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरचा जर्मनी आणि स्टालिनचा सोव्हिएत रशिया यांच्यात एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला. पुढच्याच महिन्यात महायुद्ध पेटलं. म्हणजे ओबोलेन्स्कीची जन्मभूमी त्या वेळी त्याच्या देशाच्या शत्रूशी हातमिळवणी करून बसली होती. आणि त्याचा देश कोणता, यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. तो ब्रिटनच्या ५०४ स्क्वॉड्रनमध्ये हरिकेन विमानावर सराव करत होता.

मार्च १९४० च्या शेवटी त्याच्यासाठी चांगली बातमी आली. वेल्सविरुद्धच्या मॅचसाठी इंग्लंडच्या टीममध्ये त्याला परत बोलावलं होतं. चार वर्षांनी तो दरवाजा उघडला होता.

दुसऱ्या दिवशी, २९ मार्च १९४० ला, सफोकमधल्या मार्टलशॅम हीथ विमानतळावर सराव करून उतरताना त्याचं हरिकेन धावपट्टीच्या पुढे निघून गेलं आणि शेवटी असलेल्या खड्ड्यात कोसळलं. मान मोडून तो जागीच गेला. वय फक्त चोवीस.

इप्सविचच्या दफनभूमीत, ब्रिटिश हवाई दलाच्या बाकी जवानांसोबत त्याला पुरण्यात आलं. २००९ साली त्याच शहरात त्याचा पुतळा उभा राहिला. त्यासाठी पैसे देणाऱ्यांमध्ये चेल्सी फुटबॉल क्लबचे तेव्हाचे रशियन मालक रोमन अब्रामोविचही होते.

आता परत त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. आज एखाद्या मोठ्या देशाने बाहेर जन्मलेला खेळाडू घेतला आणि त्यावर टीका झाली की ओबोलेन्स्कीचं उदाहरण हमखास दिलं जातं. हे तर १९३६ पासून चालतंय, त्यात काय एवढं, असा त्याचा सूर असतो.

पण एक फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. ओबोलेन्स्की इंग्लंडकडून खेळला तेव्हा दुसऱ्या कुठल्याही टीमचा खेळाडू कमी झाला नाही. रशियाची टीमच नव्हती. सोव्हिएत संघात रग्बीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तीच मुळी १९३६ साली. त्यांची राष्ट्रीय टीम मैदानात यायला १९७०चं दशक उजाडलं. रशिया पहिल्यांदा वर्ल्ड कप खेळला तो २०११ मध्ये. त्याला परत जायला ना देश होता, ना टीम.

त्याच काळातलं आपल्याकडचं उदाहरण घ्या. पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान हेही ऑक्सफर्डचेच. १९३२ साली सिडनीत इंग्लंडकडून पहिली टेस्ट खेळले आणि शतक ठोकलं. त्यांना मात्र परतीची वाट होती. १९४६ साली तेच नवाब भारताचे कॅप्टन म्हणून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले.

आता पॅसिफिक महासागराकडे बघा. टोंगाची लोकसंख्या साधारण एक लाख, सामोआची दोन लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडची तालुक्याची गावं. पण रग्बी यांच्या रक्तात आहे. १९९१ च्या वर्ल्ड कपमध्ये सामोआने वेल्सला हरवलं, २०११ मध्ये टोंगाने फ्रान्सला. कामधंद्यासाठी हजारो कुटुंबं तिथून न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला गेली. त्यांची पोरं तिथे वाढली आणि साहजिकच तिथल्या टीममधून खेळली.

यात चोरी म्हणावी असं सरसकट काही नाही. ऑकलंडमध्ये जन्मून तिथेच वाढलेल्या पोराने न्यूझीलंडकडून खेळायचं ठरवलं तर त्याला कोण नावं ठेवणार? त्याचं तर अर्धं आयुष्यच ओबोलेन्स्कीसारखं आहे. अन्याय वेगळ्याच ठिकाणी होता. २००० नंतर रग्बीत नियम कडक झाले आणि एकदा एका देशाकडून खेळला की दुसऱ्याकडून खेळायची सोय जवळपास संपली. मोठा देश एखाद्याला दोन-चार मॅच खेळवायचा, मग बाजूला ठेवायचा. त्या देशाला तो नको असायचा आणि टोंगाला, सामोआला हवा असून मिळायचा नाही. पोरगा वयाच्या पंचविशीतच आंतरराष्ट्रीय रग्बीतून बाद.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हा नियम बदलला. आता खेळाडूने तीन वर्षं आंतरराष्ट्रीय मॅच खेळली नसेल, आणि तो स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी दुसऱ्या देशात जन्मलं असेल, तर त्याला आयुष्यात एकदा देश बदलता येतो. नुसतं राहून एखाद्या देशाकडून खेळायचं असेल तर पूर्वी तीन वर्षं पुरायची, आता पाच लागतात. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये चार्ल्स पियुताऊ आणि मलाकाई फेकिटोआ यांच्यासारखे माजी ऑल ब्लॅक्स टोंगाकडून उतरले ते याच नियमामुळे.

याने जादू झाली का? नाही. टोंगा चारपैकी तीन मॅच हरलं. तिशी ओलांडल्यावर परत आलेले खेळाडू, तुटपुंजा पैसा आणि बड्या टीमशी कमी मॅच, यावर नियमाचा एक कागद पुरत नाही. पण त्याच स्पर्धेत सामोआने इंग्लंडला घाम फोडला आणि फक्त एका गुणाने, १८-१७ असं हरलं. १९३५ मधल्या ऑक्सफर्डच्या पोरांसारखंच.

म्हणून ओबोलेन्स्कीची गोष्ट सांगताना अर्धी सांगून चालत नाही. त्याने इंग्लंडला सगळं दिलं, शेवटी जीवही दिला. जन्म कुठला हे निष्ठेच्या आड आलं नाही. त्याला हक्क विचारणारे युवराज तर सोळा दिवसांत राजे झाले आणि डिसेंबर उजाडायच्या आत गादीची जबाबदारी सोडायच्या बेताला आले. तेव्हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो खेळाडूला विचारून उपयोग नाही. मोठ्या टीमला विचारायला पाहिजे, की हा पोरगा घेतला तेव्हा कुणाची जागा रिकामी झाली, आणि तुम्हाला नको झाल्यावर त्याला घरी जायची वाट मोकळी ठेवली का.